'फँड्री' की 'सैराट'?

परवा दोन्ही लागोपाठ परत पाहिले. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याचे, 'सैराट'मधली आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू अकलूजची. आम्हा सोलापूरकरांना दोन्ही सिनेमे घरचेच. तरी माझं मत 'फँड्री'लाच (2014). त्यात शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुक्कर पकडत असतो. ते हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच थांबतो, मग घरचेही, आणि डुक्कर निसटतं. कुणी काही बोलत नाही, पण बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. किशोर कदमांनी केलेला बाप तर डोक्यातून जातच नाही. 'सैराट'ची (2016) गाणी अजय-अतुलची, जबरदस्तच. प्रेमी जोडपं हैदराबादला गेल्यावर मात्र सिनेमा रेंगाळतो. शेवट हादरवतो, हे खरं. आणि आर्ची ट्रॅक्टर चालवत येते, ते मी केव्हाही बघेन. काय तो रुबाब!