शिसं काढणाऱ्या डिटॉक्स कॅप्सूल: बॅच रिपोर्ट मागून थकले

दादाचं जालन्यात बॅटरी दुरुस्तीचं दुकान. रक्तात शिसं ३१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. ५ पासूनच कारण शोधा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाहुण्यांनी क्लोरेला आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलच्या (खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या) या कॅप्सूल सुचवल्या. डबी चौदाशेची, महिनाभर पुरते.

सुरुवातीला मी खूश होते. दादाची चिडचिड कमी झाली, पुढच्या तपासणीत आकडा २२ वर आला. चार तारे पक्के होते.

मग डॉक्टरांनी समजावलं. संपर्क थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांत साठलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. दादानं त्याच काळात शिसं वितळवणं बंद केलं होतं, वहिनी दुकानातले कपडे वेगळे धुवायला लागल्या होत्या. गुण त्याचा. चारकोल शिशाला नीट धरतच नाही, दुसऱ्या गोळ्यांना मात्र धरतो. दादा थायरॉइडच्या गोळीसोबतच कॅप्सूल घ्यायचा आणि त्याचा टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरेशी लागू पडेना. दोन तारे तिथंच गेले.

उरलेल्या दोनांतला एक बॅच रिपोर्टनं, म्हणजे त्या खेपेच्या तपासणी अहवालानं घालवला. क्लोरेला म्हणजे शेवाळ, ज्या पाण्यात वाढतं त्यातले धातू शोषून घेतं. म्हणून कंपनीला विचारलं, या बॅचमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम किती? "ताई, शंभर टक्के नॅचरल आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मेल केला तर जाहिरातीची पीडीएफ आली. अहो, शिसं काढायचं म्हणून विकता, मग तुमच्या डबीत किती आहे ते सांगायला काय हरकत? २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात अमेरिकेत बनलेलीही होती. डबीवर पुढं ठळक ‘हेवी मेटल डिटॉक्स’, मागं बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’.

वर कंपनीनं धातू ओढणारी एक पावडर घेऊन लघवी तपासायला सांगितलं. असं औषध घेतल्यावर कुणाच्याही लघवीत धातूंचा आकडा वाढतो, त्यावरून विषबाधा ठरत नाही. त्या तपासणीला पैसे देऊ नका.

दादाचं लोह कमी होतं, आणि अशा वेळी शरीर शिसं जास्त शोषतं. आता डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीय, थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते.

कॅप्सूल बंद केल्या, पैसे परत आले नाहीत. एक तारा. तुमच्याकडे हीच डबी असेल तर बॅच नंबर घालून कंपनीला हाच प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर इथं टाका.