सायलिलेशनचा एन्झाइम-संच: बरेच महिने वापरल्यानंतर

निदान-चाचण्यांच्या ॲरेसाठी (एकाच प्लेटवर अनेक साखरा बसवून सीरम तपासायला) सायलिल-लॅक्टोसॅमिन, म्हणजे सायलिक ॲसिड ही आम्लधर्मी साखर जोडलेली एन-ॲसिटिल-लॅक्टोसॅमिन ही दुहेरी साखर, बनवायला दोन एन्झाइमचा हा संच वापरतोय: नायसेरिया मेनिंजायटिडिस या जिवाणूचं सीएमपी-सायलिक ॲसिड सिंथेटेज (सीटीपी आणि सायलिक ॲसिडपासून सीएमपी-सायलिक ॲसिड हा दाता बनवतं) आणि पास्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचं सायलिलट्रान्सफरेज पीएमएसटी-1 (त्या दात्यातलं सायलिक ॲसिड लॅक्टोसॅमिनला जोडतं). जोडणीचं काम संच अप्रतिम करतो. रिॲक्शन कधी थांबवायची, हे मात्र डोळ्यात तेल घालून आपणच बघायचं.

निव्वळ रसायनाने सायलिक ॲसिडचा अल्फा जोड मिळवणं जिकिरीचं आहे; बीटाची भेसळ होते आणि पाणी निघून ग्लायकलही बनतं. इथे संरक्षक गट न लावता शुद्ध अल्फा-2,3 जोड मिळतो. पैसे त्याचेच.

आमचं प्रमाण असं: ॲझिडोप्रोपिल लिंकर (पुढे प्रथिनाला जोडायची छोटी साखळी, टोकाला ॲझाइड गट) असलेली लॅक्टोसॅमिन 10 मिलिमोलर, सायलिक ॲसिड आणि सीटीपी प्रत्येकी 12, मॅग्नेशियम क्लोराइड 20, ट्रिस बफर 100 मिलिमोलर, पीएच 8.5, तापमान 37 अंश. सीटीपी विरघळला की पीएच खाली येतो, म्हणून एन्झाइम घालण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडने तो परत 8.5 वर आणायचा. ही पायरी गाळली की सगळंच बिघडतं: आम्लात सीएमपी-सायलिक ॲसिड स्वतःच तुटतं आणि पीएमएसटी-1 मधली सायलिडेज (सायलिक ॲसिड कापण्याची) क्रिया पीएच 5 ते 5.5 ला जोरात चालते. म्हणजे ज्या एन्झाइमने सायलिक ॲसिड जोडलं, तेच ते कापू लागतं.

म्हणूनच ‘रात्रभर ठेवा’ हा सल्ला मूळ (न बदललेल्या) एन्झाइमसाठी चुकीचा आहे. तासातासाला टीएलसी (थर-क्रोमॅटोग्राफी) लावा (एथिल ॲसिटेट, मेथेनॉल, पाणी, ॲसिटिक ॲसिड 4:2:1:0.1). लॅक्टोसॅमिनचा ठिपका फिका होऊन पुन्हा गडद होऊ लागला, तर उशीर झालाय. 144व्या मेथिओनिनच्या जागी ॲस्पार्टेट असलेला म्युटंट मिळत असेल तर तोच घ्या. त्यात दात्याचं वाया जाणं आणि सायलिडेज क्रिया दोन्ही बरीच कमी असतात. लुईस-एक्सवर (फ्युकोज जोडलेल्या लॅक्टोसॅमिनवर) थेट सायलिलेशन करायचं असेल तर दुसरा पर्यायच नको.

थांबवायला रिॲक्शनएवढंच गार इथेनॉल, अर्धा तास बर्फात, मग सेंट्रिफ्यूज आणि बायो-जेल पी-2 कॉलम (रेणू आकारानुसार वेगळे करणारा). अल्कलाइन फॉस्फेटेज (फॉस्फेट कापणारं एन्झाइम) रिॲक्शन पूर्ण झाल्यावरच. आधी घातलं तर ते सीटीपीही खाऊन टाकतं. मास स्पेक्ट्रम निगेटिव्ह मोडमध्ये बघा: 756.3 हा आपला पदार्थ, 465.2 म्हणजे सायलिक ॲसिड नसलेली लॅक्टोसॅमिन.

खरी डोकेदुखी पुढे, साखर बीएसए या वाहक प्रथिनाला जोडताना. ॲझाइडचा अमाइन केल्यावर ग्लुटारिक ॲसिडच्या द्वि-सक्सिनिमिडिल एस्टरने जोडतो. पण ट्रिस हाही प्रायमरी अमाइन आहे आणि कॉलमला अमोनियम बायकार्बोनेट वापरलं असेल तर अमोनिया उरतो. दोघेही एस्टर गिळतात आणि बीएसएवर साखर जवळजवळ बसतच नाही. पाण्यात विरघळवून दोन-तीनदा फ्रीझ-ड्राय केलं की बायकार्बोनेट उडतं. ट्रिस उडत नाही, त्यासाठी कॉलमचे उशिरा येणारे फ्रॅक्शन निर्दयपणे टाकून द्या. जोडणी मोजायला माल्डी (प्रथिनाचं वजन मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री): प्रत्येक साखळीमागे बीएसएचं वजन सुमारे 827 डाल्टन वाढायला हवं.

प्लेटवर फक्त लिंकर बसवलेल्या बीएसएचा वेगळा वेल (प्लेटमधला खड्डा) नक्की ठेवा. काही सीरम लिंकरलाच चिकटतात, आणि तो वेल नसेल तर ते चिकटणं साखरेचं म्हणून मोजलं जातं.