सेलेनियमच्या गोळ्या: गोळी ठीक, पत्रक डेंजर

पाचपैकी तीन स्टार. सेलेनियम म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज, त्याच्या या गोळीबद्दल काही तक्रार नाही, छोटी आहे, घशात अडकत नाही, सील नीट होतं, वेळेत आली. स्टार कापलेत ते डबीसोबत आलेल्या चकचकीत पत्रकाचे. त्यात चीनचा नकाशा, ईशान्येकडून नैऋत्येकडे गेलेला तपकिरी पट्टा, बाजूला एका मुलाच्या गाठाळलेल्या बोटांचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरात "सेलेनियम कमी म्हणजे सांधे खराब". झालं, लगेच आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी ऑर्डर टाका.

आता तो पट्टा खोटा नाही हं, तिथे सांध्यांचा एक रोग खरंच आढळतो. त्या रोगाला काशिन-बेक म्हणतात, पहिली नोंद १८४९ ची, सैबेरियातल्या उरोव नदीच्या भागातली, पुढे ज्यांनी अभ्यास केला त्या काशिन आणि बेक या डॉक्टरांची नावं लागली. पण हा रोग सुरू होतो तो मुलांमध्ये, साधारण ५ ते १५ वयात, हाडाच्या वाढणाऱ्या टोकाची कूर्चाच (मऊ, लवचिक हाड) मरते, बोटांचे सांधे जाड होतात, कोपर पूर्ण सरळ होत नाही, जास्त झालं तर उंचीही खुंटते. साठीला जिना चढताना दुखणारे गुडघे हे वेगळंच प्रकरण आहे ना भाऊ! आणि गोळी विकताय कोणाला, तर त्यांनाच.

बरं, सेलेनियम हेच कारण असं अजून कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. त्या पट्ट्यात मातीत सेलेनियम कमी आहे हे खरं, पण कमी सेलेनियमच्या सगळ्याच गावांत रोग नाही. ओलसर साठवलेल्या धान्यावर बुरशी येते, तिचं टी-२ नावाचं विष हा दुसरा संशयित, पिण्याच्या पाण्यातलं फुल्विक आम्ल (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारं) तिसरा, तिबेटमध्ये तर आयोडीनची कमतरताही सापडली. चीनमध्ये सेलेनियमचं मीठ दिलं, नवीन केसेस कमी झाल्या हेही खरं, पण त्याच काळात लोक बाहेरचं धान्य खायला लागले, राहणीमान सुधारलं, मग श्रेय नक्की कोणाला द्यायचं? पत्रकात यातलं एक अक्षर नाही.

कहर म्हणजे शेवटची ओळ, "भारतातही असाच सांध्यांचा आजार आढळतो". म्हणजे कर्नाटकातला हंडिगोडू रोग, शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यातला, १९७० च्या दशकात उजेडात आला. तिथे आधी भातशेतीतल्या खेकड्यांवर संशय गेला, कारण शेतात कीटकनाशकं मारली जायची आणि गरीब मजूर तेच खेकडे खायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची माणसं तिथे जाऊन आली. पुढे कुटुंबांची तपासणी झाल्यावर दिसलं की हा आजार पिढ्यानपिढ्या, आईवडिलांकडून मुलांकडे येतोय. आता त्यात तुमची गोळी काय करणार, सांगा.

कस्टमर केअरला विचारलं तर बाई म्हणाल्या, "सर, ते जनरल माहितीसाठी आहे." बरं.

घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. हिच्यात २०० मायक्रोग्रॅम आहे, आणि मोठ्या माणसाला सगळं धरून दिवसाला ४०० ची वरची मर्यादा सांगतात, त्यामुळे घरात मल्टीव्हिटॅमिन चालू असेल तर त्याच्या लेबलवर सेलेनियम किती लिहिलंय ते आधी बघा, जास्त काळ जास्त घेतलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो.