गारठ्यात कोणता गिझर पुरेल: स्टोरेज, इन्स्टंट, गॅस की सोलर?

नाशिकमध्ये दिवाळी सरली की घरोघरी एक तक्रार सुरू होते: "गिझर बिघडला वाटतं, दुसऱ्याच्या अंघोळीला पाणी पुरत नाही." बहुतेक वेळा गिझर ठणठणीत असतो. बदललेलं असतं ते गच्चीवरच्या टाकीतलं पाणी. ऑक्टोबरात ते २५ अंशांवर होतं असं धरा. रात्रभर गारठा खाऊन डिसेंबरच्या पहाटे ते १५ वर येतं. अंघोळीला साधारण ४० अंशांचं पाणी लागतं. म्हणजे आधी १५ अंश चढवायचे होते, आता २५. बादली तीच, पण तिला दीडपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणून नवा गिझर घेताना खोक्यावरचे लिटर बघण्याआधी हे गणित मांडा.

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज गिझर घ्या. पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला त्याला ऑक्टोबरात १८ मिनिटं लागतात, डिसेंबरात साडेतेवीस. ही वाट बघणं एक वेळ परवडतं. खरी मेख पुढे आहे: ६० अंशांच्या त्या पाण्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं करायचं, तर ऑक्टोबरात ३५ लिटर मिळतं आणि डिसेंबरात जेमतेम २७. विसण घालायचं पाणीच गार, त्यामुळे ते कमी मावतं. चौघांच्या घरात मी २५ लिटरच सुचवेन. थंडीतही एका दमात ४५ लिटर निघतं. स्टार रेटिंग जास्त असलेला घ्या, कारण तापवून ठेवलेल्या टाकीतली उष्णता गारठ्यात लवकर निसटते. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार बसतात आणि तापायला आणखी उशीर होतो, तेव्हा थंडीआधी एकदा साफ करून घ्या.

३ लिटरचा इन्स्टंट स्वस्त आणि आटोपशीर असतो, पण थंडीत सगळ्यात आधी तोच हात टेकतो. ३ किलोवॅटवर त्याला २० लिटरची बादली भरायला ऑक्टोबरात सात मिनिटं लागतात, डिसेंबरात बारा. नळ जास्त सोडला की कोमट पाणी. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो उत्तम. अंघोळीसाठी तोच एक गिझर असेल, तर नाशिक-निफाडकडच्या लोकांनी घेऊ नये. कोकण किनाऱ्यावर, जिथे टाकीतलं पाणी एवढं गार होत नाही, तिथे चालून जातो.

ताकदीत गॅस गिझरला तोड नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर म्हणजे दहा किलोवॅटहून जास्त ताकद. घरच्या नेहमीच्या वायरिंगवर एवढा विजेचा गिझर चालणारच नाही. बादली साडेतीन मिनिटांत, आणि भारनियमनाची चिंता नाही. तरीही बाथरूमच्या आत बसवणार असाल, तर घेऊच नका. ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गरगरतं आणि दार उघडायच्या आत शुद्ध जाते. यात माणसं दगावली आहेत. धोका थंडीतच वाढतो, कारण गार वारा नको म्हणून आपण खिडकी लावतो, झरोक्यात कापड कोंबतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत, ड्राय बाल्कनीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. तशी जागा नसेल तर विषय तिथेच संपवा.

सोलरबद्दल एक गैरसमज घट्ट आहे, की तो थंडीत चालत नाही. आपल्याकडे तो अडतो पावसाळ्यात. थंडीत आभाळ स्वच्छ असतं. मात्र २२ डिसेंबरच्या सुमारास नाशिकला दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर येतो, म्हणून दक्षिणेला उंच इमारत असेल तर आधी सावली तपासा. काचेच्या नळ्यांचा प्रकार थंडीत बरा, कारण नळीतल्या निर्वातामुळे उष्णता कमी निसटते. जड पाण्यालाही तोच सोयीचा. फक्त तापलेल्या रिकाम्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नका, तडकतात. गच्चीपासून बाथरूमपर्यंत अर्धा इंची पाइप २० मीटर असेल, तर रोज पहाटे सुमारे साडेतीन लिटर गार पाणी आधी वाहून जातं. पाइपला उष्णतारोधक वेष्टण हवंच. स्वतःची गच्ची असलेल्यांनी सोलर घ्यावा, ढगाळ दिवसांसाठी जोडीला लहान विजेचा गिझर ठेवावा.

आणि बोअर असेल तर काही घेण्याआधी एक करून बघा. जमिनीखालचं पाणी थंडीतही फारसं गारठत नाही. पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ते त्यामुळेच. आम्ही टाकी रात्री भरून ठेवायचं सोडलं. पंप पहाटे साडेपाचला लावतो, आणि १५ लिटरच्या जुन्याच गिझरवर आता दोघांच्या अंघोळी लागोपाठ होतात.