जिटरबग : आजेसासऱ्यांच्या डब्यातला जुना आणि दुकानातला नवा, दोन्हीचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी कलेक्टर वगैरे काही नाही. माझं लहानपण मालवणात गेलं, खाडीवर गरवायला जायचो तेव्हा सामान म्हणजे दोरा, गरी आणि गरीला लावायला कोळंबीचा तुकडा, बस. त्यामुळे लाकडाचा रंगवलेला खोटा मासा (इथे त्याला लूअर म्हणतात, जिटरबग हा त्यातलाच एक) पाण्यात टाकायचा आणि खरा मासा येऊन त्याला चावणार, ही कल्पनाच मला लग्न होऊन अमेरिकेत, ओहायोत येईपर्यंत पटलेली नव्हती. बाबांना व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवलं तर म्हणाले, "ह्या काय, खेळणां? आमिष नाय, काय नाय, आणि ह्याका मासो गावता?"

तर झालं असं की बायकोच्या आजोबांचा टॅकल बॉक्स, म्हणजे मासे धरायच्या सामानाचा डबा, सासरेबुवांनी गॅरेज आवरताना माझ्या हातात दिला. आजोबा अ‍ॅक्रनला रबराच्या कारखान्यात होते, शिफ्ट संपली की पोर्टेज लेक्सच्या तळ्यांवर मासे धरायला. डबा पत्र्याचा, उघडला की दोन्ही बाजूंचे ट्रे जिन्यासारखे वर येतात, आणि वास असा की जुनं इंजिन ऑइल, गंज आणि थोडासा मासा. आत चाळीसेक लूअर होते, एकमेकांच्या गऱ्यांत अडकून एक मोठा गोळाच झालेला, तो सोडवताना दोन संध्याकाळी आणि अंगठ्याचं थोडं रक्त गेलं.

सगळ्यांबद्दल लिहीत नाही, फार होईल. एक क्रीक चब कंपनीचा पाइकी नावाचा लूअर मात्र बघण्यासारखा आहे, काचेचे डोळे, आणि तोंडाखालच्या पत्र्यावर बारीक अक्षरात कंपनीचं नाव, गाव गॅरेट, इंडियाना आणि 9-7-20 असा आकडा. मी आपला भारतीय डोक्याने 9 जुलै वाचला, ती आहे 7 सप्टेंबर 1920, त्या पत्र्याच्या पेटंटची तारीख. म्हणजे लूअर 1920 चाच असं नाही हं, तोच शिक्का पुढे कितीतरी वर्षं मारत होते. एक हुला पॉपर नावाचा लूअर आहे, त्याचा रबरी झालरीचा घागरा वाळून खाली भुसा पडलाय. आणि एका ट्रेमध्ये कुणीतरी मऊ प्लास्टिकचे गांडूळ ठेवले होते, ते वर्षानुवर्षं तिथेच राहून शेजारच्या दोन लूअरचा रंग खाऊन त्यांना चिकटून बसलेत, चॉकलेट वितळल्यासारखं. सासरेबुवा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मीच ठेवले असणार, तेव्हा शाळेत होतो. तुमच्याकडे असा डबा असेल तर आज उठून पहिलं काम हे करा, मऊ प्लास्टिक वेगळं काढा.

आता मुद्द्यावर येतो, जिटरबग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पाण्यावर तरंगणारा लूअर आहे, अंग जाडजूड, पाठीमागे निमुळतं होत गेलेलं, पोटाखाली तीन तोंडांच्या गऱ्या, आणि चेहऱ्यासमोर आडवा पत्रा ज्याला दोन वाट्यांसारखे खळगे आहेत, ह्या पत्र्याला ओठ म्हणतात. ओढला की डावी वाटी पाण्यात, मग उजवी, मग डावी, असा डुलत डुलत येतो आणि आवाज करतो, प्लप प्लप प्लप. फ्रेड अरबोगास्टने 1938 मध्ये बाजारात आणला. हा माणूस अ‍ॅक्रनचाच, गळ लांब फेकण्याच्या स्पर्धांचा चॅम्पियन, आणि आधी गुडइयर ह्या रबर-टायरच्या कंपनीत नोकरीला, म्हणजे आजेसासऱ्यांच्या दृष्टीने अगदी गाववाला. डब्यात जिटरबग बरेच होते, ते का, ते त्यावरून कळलं.

त्यातला एक विचित्र होता. अंग लाकडाचं, पण पुढचा पत्रा पत्र्याचा नाहीच, लाल प्लास्टिकचा. मी फोटो काढून ऑनलाइन किंमत सांगणाऱ्या एका सर्व्हिसला पाठवले (नाव देत नाही, अशा ढिगाने आहेत), तीस डॉलर भरले, आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की ओठ मूळचा नाही, कुणीतरी घरी बदललाय, शोभेला ठेवा. बरं, पुढे लगेच पूर्ण डबा शंभर डॉलरला घेण्याची ऑफर. सर्व्हिसला माझ्याकडून एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

मग लूअर जमवणाऱ्यांचा एक शो होता तिथे गेलो. अमेरिकेत ह्या लोकांचा 1976 पासून राष्ट्रीय क्लब आहे, एनएफएलसीसी (नॅशनल फिशिंग लूअर कलेक्टर्स क्लब), आणि हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडून ही मंडळी बसतात, आपल्याकडे जुनी नाणी घेऊन बसतात तशी. एका ऐंशीच्या आसपासच्या आजोबांनी तो लाल ओठवाला हातात घेतला, नखाने टकटक केलं, उलटा केला, अंगावर साच्याची शिवण आहे का ते बोट फिरवून पाहिलं (प्लास्टिकच्या लूअरला दोन अर्ध्या भागांची रेघ लागते, लाकडाला नाही, उलट रंगाला लाकडाच्या रेषांप्रमाणे बारीक चिरा पडतात), मग ओठाच्या स्क्रूच्या खाचेत भिंग लावून बघितलं की रंग उडालाय का, म्हणजे कुणी कधी स्क्रू फिरवलाय का. नव्हता फिरवला. म्हणाले, हा असाच निघालाय कारखान्यातून. दुसऱ्या महायुद्धात धातू लष्कराला जायचा, मासे धरायच्या खेळण्याला कोण देणार, म्हणून त्या काळात ओठ प्लास्टिकचे केले, युद्ध संपल्यावर परत पत्रा आला. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तीस डॉलरवाल्याने लूअर बाद केला, त्याच गोष्टीवरून त्याचं वय ठरतं. एक पैसा घेतला नाही त्यांनी. फक्त विचारलं, धुतला नाहीस ना? मी खरं सांगितलं की साबणाने नाही धुतला पण डुलतो कसा ते बघायला बाथटबमध्ये सोडला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. चिरांतून पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि रंगाचे पापुद्रे उठतात म्हणे. पॉलिश नको, गंजक्या गऱ्या बदलू नको, उडालेला रंग तर अजिबात लावू नको.

किमतीचं विचाराल तर, घरी जुने लूअर सापडले की प्रत्येकजण गूगल करतो आणि हॅस्केल मिनोची बातमी वाचून दोन दिवस झोपत नाही, 1859 च्या पेटंटचा तो तांब्याचा मासा 2003 मध्ये लिलावात 1,01,200 डॉलरला गेला होता. माझ्या डब्यात तसलं काही नाही. लाल ओठवाल्याच्या पोटावर दातांचे ओरखडे आहेत, कलेक्टरच्या हिशेबात त्याने किंमत उतरते, सासरेबुवांच्या हिशेबात वाढते, आणि डबा त्यांचा आहे.

आता पाण्यातला रिव्ह्यू. लाकडी अर्थात घरीच ठेवला. डब्यात नंतरच्या काळातला, प्लास्टिकच्या अंगाचा, बेडकाच्या रंगाचा, पत्र्याच्या ओठाचा एक आहे तो घेतला, आणि सोबत दुकानातून नवा काळा घेतला, कारण जिटरबग अजून बनतो, दहा डॉलरच्या आत मिळतो. जुलैत पोर्टेज लेक्सवर रात्री साडेनऊला सासरेबुवा आणि मी. वारा नाही, पाणी काचेसारखं, डास मात्र भरपूर. दोघांचा आवाज शेजारी शेजारी ऐकला तर जुना जरा जाड, घागर बुडवल्यासारखा, नवा थोडा टणक आणि वरच्या पट्टीत. हे माझ्या कानाचं मत, सासरेबुवांना काही फरक वाटला नाही, पण त्यांनी हिअरिंग एड घरी ठेवलं होतं.

वापरायला इतका सोपा लूअर मी पाहिला नाही. फेका, पाण्यावरच्या लाटा विरेपर्यंत थांबा, मग एका चालीत हळू रील (दोरा गुंडाळायची चरखी) फिरवा, झटके नाही काही नाही, सगळं काम तो ओठ करतो. अंधारात लूअर दिसत नाही पण आवाजावरून कुठे आहे ते कळतं, आणि मग प्लप प्लप चालू असताना मध्येच एक प्लप येत नाही, त्याऐवजी कुणीतरी पाण्यात वीट टाकल्यासारखा आवाज. पहिल्या वेळी मी घाबरून रॉड जोरात मागे खेचला आणि गऱ्यांसकट जिटरबग माझ्या टोपीच्या बाजूने गेला. आवाज आला की खेचायचं नाही, वजन लागेपर्यंत रील फिरवत राहायचं, हे सासरेबुवांनी त्यानंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं तर म्हणे मलाही माझ्या बाबांनी नंतरच सांगितलं होतं. अकराच्या सुमारास नव्या काळ्यावर एक बास (इथला गोड्या पाण्यातला मासा) लागला, वीतभरापेक्षा मोठा, तोंड उघडलं तर मूठ जाईल एवढं.

नव्याला पाचपैकी चार. एक कमी कारण भर दुपारी आणि वारा असताना त्याचा मला काही उपयोग झाला नाही, आणि पाणवेलीत गऱ्या अडकतात. जुन्या बेडकाला पाच. लाल ओठवाल्याला रेटिंग नाही, तो आता कपाटात काचेच्या बरणीत आहे, सिलिका जेलची पुडी टाकून.

घरी आल्यावर बाबांना फोटो पाठवला. लगेच कॉल आला, केवढ्याचो, कसो केलास, कालवण की तळलास. म्हटलं सोडून दिला परत पाण्यात, इथे बरेचजण तसंच करतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "धरलंस आणि सोडलंस? मगे गेलंस कित्याक?"