नवी मुंबईतल्या एका फार्मसी महाविद्यालयाची वार्षिक यशपुस्तिका : कोणतं पान आधी उघडावं

प्रवेशाच्या दिवसांत हातात पडणारी ही पुस्तिका दिसायला देखणी आहे, पण मजकूर पारखूनच घ्यावा.

मोठी गफलत पेटंटच्या पानावर आहे. अर्ज केलेली, प्रसिद्ध झालेली आणि मंजूर झालेली पेटंट एकाच यादीत घातली आहेत. भारतात पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे तो मंजूर झाला असं नव्हे. उपकरणाच्या बाह्यरूपाची डिझाइन नोंदणी तर पेटंटच नाही. अर्ज क्रमांक मागा आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्थिती बघा.

जीपॅटला, म्हणजे एम.फार्म.च्या प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत, पात्र ठरलेले विद्यार्थी मोजलेत, बसले किती ते दिलेलं नाही. १० पैकी ५ आणि ५० पैकी ५ यांत जमीन-अस्मानाचा फरक. नोकऱ्यांच्या तक्त्यात रबाळे-महापेच्या कंपन्या आहेत, विभाग नाहीत. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एचपीएलसी हे औषधातले घटक मोजणारं यंत्र चालवणं वेगळं, पॅकिंग लाइनवर उभं राहणं वेगळं.

खरं मोलाचं पान बी.फार्म.च्या सातव्या सत्रातल्या प्रॅक्टिस स्कूलचं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं. अभ्यासक्रमात त्याला १५० तास आहेत आणि इथे गटवार काम नोंदवलंय. गोळ्यांची फ्रायेबिलिटी (आपटून-घासून झिजण्याची) चाचणी फिरत्या ड्रममध्ये मिनिटाला २५ फेऱ्यांनी ४ मिनिटं घेतलेली, वजनातली घट १ टक्क्याच्या आत हवी. एका बॅचमध्ये गोळ्यांच्या टोप्या (वरचे थर) सुटल्या, कारण ग्रॅन्युल्स, म्हणजे ज्यांपासून गोळी दाबतात ते दाणे, गरजेपेक्षा जास्त सुकवले होते आणि भुकटी फार होती. ओलावा सांभाळून आणि यंत्राचा वेग उतरवून पुढची बॅच सावरली, हेही छापलंय. फसलेलं काम कारणासकट छापायला धाडस लागतं!