डेक्कन क्वीनच्या नावाखाली विकला गेलेला स्विस खेकडा

"1930 ची अस्सल डेक्कन क्वीन, एचओ स्केल, इंजिन आणि सात डबे, चालू स्थितीत, 68,000 रुपये." मॉडेल रेल्वेच्या संचाची जाहिरात एवढीच होती; एचओ म्हणजे खऱ्या गाडीचं 1:87 माप. सोबत सहा फोटो आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ. निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले कुरिअरला देण्याआधी, दोन्ही वेळा यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात. बिल मागितलं तर "हँडमेड आहे, बिल नसतं." खोक्यातून निघालेल्या संचात डेक्कन क्वीनचं काय होतं, तर डब्यांवरचा रंग. तोही 1930 चा नव्हता.

ही फसवणूक नेमकी कुठे झाली हे नीट मांडतो, कारण याच धर्तीचे संच अजूनही विकायला येतात. विकणाऱ्याची सगळी भिस्त एका गोष्टीवर असते: आपल्याला ही गाडी डब्यांवरून ओळखता येते, इंजिनावरून येत नाही.

संचातलं इंजिन होतं "क्रोकोडाइल" जातीचं. मधे उंच केबिन, पुढे-मागे लांब नाकाडं, चाकांना बाहेरून जोडदांडे. मध्य रेल्वेच्या जुन्या लोकांना हा आकार ओळखीचा, ते त्याला खेकडा म्हणत. जीआयपीचा (मध्य रेल्वेच्या आधीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ईएफ-1 वर्ग, म्हणजे नंतरचा डब्ल्यूसीजी-1. पहिली घोटाळ्याची जागा इथेच आहे. डब्ल्यूसीजी-1 मधला "जी" गुड्सचा. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगमर्यादा असलेलं हे मालगाडीचं इंजिन, घाटात ढकलायला आणि पुढे उतारवयात व्हीटीला शंटिंग करायला वापरलेलं. 1 जून 1930 ला सुरू झालेली डेक्कन क्वीन ज्या इंजिनावर नावारूपाला आली ते ईए-1, म्हणजे नंतरचं डब्ल्यूसीपी-1. ते सरळ पेटीसारखं, दोन्ही टोकांना केबिन असलेलं प्रवासी इंजिन आहे. खेकडा दिसायला देखणा आणि युरोपात त्याची मॉडेल्स ढिगाने मिळतात, म्हणून तो डेक्कन क्वीनला जोडून विकला जातो. ईए-1 चं तयार मॉडेल शोधून दाखवा, मग कळेल विकणाऱ्याने खेकडा का निवडला.

दुसरी घोटाळ्याची जागा त्याहून पुढची: तो खेकडासुद्धा आपला नव्हता. ॲक्सल मोजले की झालं. डब्ल्यूसीजी-1 ची रचना सी-सी, म्हणजे तीन-तीन जोडलेली मोठी चाकं, एकूण सहा ॲक्सल, पुढे-मागे एकही लहान चाक नाही. हातात आलेल्या इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकांचा ॲक्सल होता, एकूण आठ. हे स्विस रेल्वेचं सीई 6/8. नावातच हिशोब आहे: आठ ॲक्सलपैकी सहा चालवणारे. दोन्ही इंजिनं विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याच्या घराण्यातली, म्हणून तोंडावळा सारखा. पण भाऊ म्हणजे तोच माणूस नव्हे.

खात्री करायला कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरलं. केबिनच्या कडेला, जिथे जीआयपीचा नंबर छापलेला होता, तिथे रंग जरा जाड वाटत होता. आडव्या उजेडात धरलं की खाली काहीतरी उठावाचं दिसत होतं. काडी अलगद फिरवली, तिसऱ्या फेऱ्याला वरचा थर सुटला आणि खालून पितळी रंगाचे आकडे आले: 142, पुढचे दोन घासून सपाट केलेले. स्विस सीई 6/8 दोन या मालिकेचे नंबर 14251 ते 14283. काडीचा प्रयोग करायचा झाला तर आधी पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी करा. काही कारखान्यांचा मूळ रंगही अल्कोहोलने उठतो आणि मग विकणारा म्हणतो, तुम्हीच खराब केलं.

रुळावर ठेवल्यावर तिसरा प्रकार. आपल्याकडे बहुतेकांचे रूळ दोन-रुळी, 12 व्होल्ट डीसीचे. इंजिन ठेवून नॉब फिरवला आणि पॉवर पॅक तात्काळ कटआउट. उलटं करून पाहिलं तर पोटाखाली बोटभर लांबीची धातूची पट्टी. ही जर्मन मेर्कलिन कंपनीची पद्धत: मधल्या खिळ्यांतून वीज घ्यायची आणि दोन्ही रुळांतून परत पाठवायची. अशा इंजिनाची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून तोडलेली नसतात, त्यामुळे दोन-रुळी मार्गावर सरळ शॉर्ट. विकणाऱ्याच्या व्हिडिओत इंजिन धावत होतं हे खरंच, फक्त त्याने रुळाचा मधला भाग कधीच नीट दाखवला नव्हता. ही तपासणी मल्टिमीटरने दहा सेकंदांत होते. कंटिन्युइटीवर लावून एकाच ॲक्सलच्या दोन चाकांना टोकं टेकवा. बीप वाजली तर ते इंजिन दोन-रुळी नाही. चाकं बदलून ते दोन-रुळी करता येतं, पण मोटरही जुन्या एसी पद्धतीची असेल तर तो खर्च इंजिनाच्या किमतीला जाऊन भिडतो. शिवाय या चाकांच्या कडा खोल आणि आतलं अंतर कमी, म्हणजे पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) आदळणार ते वेगळंच.

डब्यांची गोष्ट जास्त बारकाईची, आणि फसायला जास्त सोपी. सात डबे होते, ही संख्या बरोबर: सुरुवातीचे दोन्ही रेक सात-सात डब्यांचेच होते. पण रंग मलई-निळा, वर लाल पट्टा. 1930 मध्ये एक रेक चंदेरी आणि त्यावर शेंदरी-लाल रेघा, दुसरा राजेशाही निळा आणि सोनेरी रेघा असा होता. मलई-निळा आपल्या आठवणीतला आहे, आयसीएफच्या (पेरंबूरचा डब्यांचा कारखाना) काळातला. 1966 मध्ये पेरंबूरचे पोलादी डबे आले आणि सातांचे बारा झाले. म्हणजे या संचात इंजिन एका काळाचं, डब्यांची संख्या त्याच काळाची, रंग तीस-पस्तीस वर्षांनंतरचा. बरं, आयसीएफ म्हणून तरी खपावे? तेही नाही.

मापं घेतली. आयसीएफ डब्याची बॉडी 21,337 मिलिमीटर लांब आणि 3,245 रुंद. 87 ने भागलं की 245 आणि 37.3. बफर धरून लांबी 256 च्या जवळ जाते. आलेल्या डब्यांची लांबी 264. पट्टीने मोजणारा माणूस इथे समाधान मानतो, सात-आठ मिलिमीटर काय ते. पण व्हर्नियरने रुंदी घेतली तर 32.5. युरोपातले 26.4 मीटरचे डबे मॉडेलमध्ये मुद्दाम आखूड करून 1:100 लांबीत काढतात, ते 264 मिलिमीटरच भरतात. त्यांची रुंदी मात्र 1:87 नेच असते आणि 2,825 मिलिमीटरचा डबा 32.5 लाच येतो. आपली ब्रॉडगेज गाडी अंगाने रुंद. त्यामुळे लांबीवर जाऊ नका, रुंदी विचारा. विकणाऱ्याला पट्टी डब्याच्या टोकाला आडवी लावून फोटो पाठवायला सांगा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

खिडक्याही सांगतात. युरोपीय डब्याच्या काचा रुंद आणि मोजक्या, आपल्या दुसऱ्या वर्गाच्या खिडक्या लहान, दाट आणि आडव्या गजांच्या. या संचात गज काळ्या पेनाने काचेवर ओढलेले होते, एका डब्यावर तर चारऐवजी तीनच, बहुधा शाई संपली असावी. आणि सातांत डायनिंग कार नव्हती. ज्या गाडीचं निम्मं नाव टेबलावरच्या टोस्ट आणि ऑम्लेटने राखलंय, तिच्या "अस्सल" संचात डायनिंग कार नाही, ही एकच गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती.

एक कबूल करायला हवं: 16.5 मिलिमीटरच्या रुळावर आपली गाडी कधीच पूर्ण खरी होत नाही. 1,676 मिलिमीटर गेज 1:87 मध्ये 19.3 च्या आसपास येतं. प्रत्येक भारतीय एचओ मॉडेल रुळाच्या बाबतीत अरुंद असतं, आणि ती तडजोड सगळे उघडपणे करतात. विकणारे याच तडजोडीच्या आड लपतात: "एचओमध्ये एवढं चालतं हो." रुळाचं चालतं. ॲक्सलच्या संख्येचं चालत नाही.

डेक्कन क्वीनला इंजिन निवडायचं तर आधी काळ ठरवा. चंदेरी किंवा निळा सात डब्यांचा रेक असेल तर ईए-1. त्याची रचना विचित्र आहे, दोन्ही टोकं सारखी नाहीत: एका बाजूला लहान चाकांचे दोन ॲक्सल, मधे मोठ्या चाकांचे तीन, दुसऱ्या टोकाला लहान एक. कोणी समान टोकांचं ईए-1 दाखवलं तर ते दुसऱ्याच इंजिनावर चढवलेलं खोकं. बारा डब्यांच्या आयसीएफ रेकला डब्ल्यूसीएम मालिका: विलायतेतून 1954-55 मध्ये आलेलं डब्ल्यूसीएम-1, हिताचीचं डब्ल्यूसीएम-4, किंवा चित्तरंजनचं डब्ल्यूसीएम-5, ज्यातलं पहिलं "लोकमान्य" 1961 मध्ये निघालं. सगळी को-को, म्हणजे तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोगी. बो-बो, म्हणजे दोन-दोन ॲक्सलच्या बोगींच्या चासीवर चढवलेलं डब्ल्यूसीएम म्हणजे पुन्हा तीच कथा. नव्वदीच्या शेवटच्या काळातल्या गाडीला डब्ल्यूसीएएम-3. आणि वाफेचं इंजिन लावून कोणी "सुरुवातीची डेक्कन क्वीन" विकत असेल तर हसून पुढे जा, कल्याण ते पुणे 1929 मध्येच 1,500 व्होल्ट डीसीवर आलं होतं.

डब्ल्यूसीएमची बॉडी हल्ली थ्रीडी प्रिंटमध्ये मिळते आणि ते गैर नाही, सांगून विकलं तर. प्लास्टिक कोणतं हे मात्र विचारा. पीएलए साधारण 60 अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत किंवा तापलेल्या मोटरवर छप्पर वाकतं. उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची प्रिंट घ्या, नाहीतर बॉडी आणि मोटर यांच्यात मोकळी जागा आहे का ते पाहा.

ऑर्डर देताना चॅटवरच चार गोष्टी लिहून घ्या: कोणता वर्ग, कोणतं स्केल, दोन-रुळी डीसी की तीन-रुळी, आणि खालची चासी मूळ कोणत्या इंजिनाची. "अस्सल" या शब्दाला तक्रारीत फारशी किंमत नाही. "डब्ल्यूसीजी-1, दोन-रुळी" असं लिहिलेलं असेल तर आहे. खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ घ्या, कुरिअरचं लेबल दिसेल असा. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर 1930 वर लगेच फोन करा. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आणि गाडीचं जन्मवर्ष एकच निघावं हा योगायोग. माल आला पण भलताच आला तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. विकणारा कंपनी नाही म्हणून तक्रार होत नाही असं तो सांगेल. नियमित विकत असेल तर होते, म्हणून त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

या संचाच्या बाबतीत ते उपयोगी पडले. सहा फोटोंपैकी चार परदेशी जाहिरातींतले निघाले. उरलेले दोन विकणाऱ्याच्या स्वतःच्या फरशीवरचे होते, कोपऱ्यातली टाइल तडकलेली. तीच तडकलेली टाइल गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाने आलेल्या "अस्सल फ्रंटियर मेल"च्या फोटोत आहे.